दोन रेघांचा डॉक्टर

मिश्रणाची गणितं म्हटली की आपल्या पिढीला दुधात पाणी घालणारा गवळी आठवतो. इथे जी.सी.एस.ई. करणाऱ्या आमच्या लेकीच्या वहीत त्याच्या जागी चांदी-तांबं आलं, तेव्हा मला रॉबर्ट रेकॉर्डची गोष्ट सांगितल्यावाचून राहवेना.

रेकॉर्ड वेल्समधल्या टेनबीचा, जन्म १५१० च्या सुमाराचा. ऑक्सफर्डला शिकला, १५४५ साली केंब्रिजला वैद्यकीची पदवी घेतली. पेशाने डॉक्टर, पण जीव गणितात. विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहीत, त्या काळात याने साध्या माणसांसाठी इंग्रजीत अंकगणित लिहिलं, तेही गुरू-शिष्याच्या गप्पांतून. मिश्रणाचा नियमही त्यात समजावला. (आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र वितळवण्याची उदाहरणं दिली होतीच!)

१५४९ साली तो ब्रिस्टलच्या टांकसाळीवर अधिकारी झाला. आठव्या हेन्रीने खजिना भरायला नाण्यांत भरमसाट तांबं मिसळायची प्रथा पाडली होती. १५५१ पर्यंत चांदी चौथाईवर आली. आता समजा, ७५ टक्के आणि २५ टक्के चांदीची नाणी वितळवून ४० टक्क्यांचा १०० ग्रॅम धातू हवा आहे. पहिली क्ष ग्रॅम घेतली, तर दुसरी १०० − क्ष. वितळवल्याने चांदी घटत नाही की वाढत नाही, म्हणून:

७५क्ष + २५(१०० − क्ष) = ४० × १००
५०क्ष = १५००
क्ष = ३०

म्हणजे चांगली ३० ग्रॅम, हलकी ७० ग्रॅम.

यातलं 'बरोबर'चं चिन्ह रेकॉर्डनेच दिलेलं! तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा. म्हणून १५५७ च्या बीजगणिताच्या पुस्तकात त्याने दोन समांतर रेघा ओढल्या. त्यांच्याइतकं सारखं दुसरं काय असणार, हा त्याचा विचार.

दरबारातला हिशेब मात्र त्याला जुळवता आला नाही. अर्ल ऑफ पेम्ब्रुक या बड्या सरदारावर त्याने गैरकारभाराचा आरोप केला. सरदाराने उलट बदनामीचा दावा ठोकला आणि रेकॉर्डवर १००० पौंडांची भरपाई बसली. एवढे पैसे आणणार कुठून? लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात १५५८ साली तो वारला. त्याचं चिन्ह सर्रास रूढ व्हायलाही पुढे बराच काळ जावा लागला.

टेनबीच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे. सुट्टीत वेल्सच्या किनाऱ्यावर गेलात, तर मुलांना तेवढं जरूर दाखवा.