शब्दकोड्यांतील युद्धरहस्य

लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये १९२५ पासून शब्दकोडी रचणारे लिओनार्ड डॉव (१८८९-१९६३) हे पेशाने मुख्याध्यापक. मे १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईची गुप्त तयारी सुरू असताना त्यांच्या कोड्यांच्या उत्तरांत ‘युटा’, ‘ओमाहा’, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘मलबेरी’ आणि जूनच्या आरंभी ‘नेपच्यून’ हे मोहिमेतील सांकेतिक शब्द एकामागून एक अवतरले. हेरखात्याचे अधिकारी दारी येऊन ठाकले. युद्धकाळात हेरगिरीला फाशीची शिक्षा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य कळते. कसून चौकशी झाली. दोष आढळला नाही. कोड्यांचे चौकोन सर विद्यार्थ्यांकडून भरून घेत आणि सैनिकांच्या तोंडून ऐकलेले ते शब्द आपणच त्यात घातले, असे एका माजी विद्यार्थ्याने १९८४ मध्ये सांगितले. तोवर डॉव यांच्या निधनाला एकवीस वर्षे लोटली होती.