श्री संत गोरोबाकाका : जीवनचरित्र

धाराशिव तालुक्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले अतिप्राचीन गाव होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात तगर नावाच्या ज्या बाजारपेठेचा उल्लेख येतो, ती हीच. येथील उत्खननात सातवाहनकालीन मातीची भांडी व मूर्ती विपुल सापडल्या असून त्या गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. म्हणजे या मातीला आकार देणारे हात श्री गोरोबाकाकांच्याही आधी हजार वर्षे येथे राबत होते.

काकांचा जन्म परंपरेनुसार शके 1189 (इ.स. 1267) मध्ये तेर येथे कुंभार कुळात झाला. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या संतमेळ्यात ते वयाने सर्वांत ज्येष्ठ, म्हणून सर्वजण त्यांना काका म्हणत. पत्नी संतीबाई, एक तान्हे मूल आणि दारात चाक व आवा, असा त्यांचा संसार होता. माती आणावी, भिजवावी, तुडवावी, मडकी घडवून भाजावीत व त्यावर घर चालवावे. विठ्ठलभक्तीसाठी त्यांनी ना धंदा सोडला, ना घर. मुखी नाम व पायाखाली चिखल, हीच त्यांची उपासना होती.

एके दिवशी संतीबाई मुलाला अंगणात ठेवून पाण्याला गेल्या. काका नामस्मरणात देहभान विसरून चिखल तुडवीत होते. मूल रांगत त्या चिखलात आले आणि पायांखाली तुडविले गेले. परत आलेल्या मातेचा आक्रोश काय वर्णावा! तिने पतीला व विठ्ठलालाही बोल लावला. देवाची निंदा ऐकून काका संतापाने तिच्यावर धावले, तेव्हा तिने आपल्याला स्पर्श न करण्याची विठ्ठलाची शपथ त्यांना घातली. ती त्यांनी अक्षरशः पाळली.

कीर्तनात हा प्रसंग काकांच्या तल्लीनतेचा म्हणून सांगितला जातो. परंतु दर्शनास आलेल्या माताभगिनी आमच्या कार्यालयात बहुधा संतीबाईंचे पुढे काय झाले, हेच प्रथम विचारतात. आणि ते योग्यच आहे. मूल गेले, पतीही दुरावला. वंश खुंटू नये म्हणून त्या माउलीने स्वतःच आपली धाकटी बहीण रामी हिचा विवाह पतीशी लावून दिला. दोन्ही मुलींना सारखेच वागवावे, असे सासऱ्यांनी सांगताच काकांनी तीच शपथ रामीबाईंच्या बाबतीतही पाळली. एका रात्री दोघी बहिणींनी निद्रिस्त पतीचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग येताच शपथ मोडल्याच्या दुःखाने काकांनी आपले हातच तोडून टाकले. कुंभाराचे हात गेले म्हणजे घराची भाकरीच गेली. तेव्हा साक्षात पांडुरंग कुंभाराच्या वेषात त्यांच्या घरी राबला, अशी कथा आहे.

पुढे पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात काका तुटलेले हात उंचावून टाळी वाजवू लागले असता त्यांना हात फुटले, आणि संतीबाईंचे बाळ रांगत त्यांच्यापाशी आले. शपथही सुटली. महिपतीबोवांनी आपल्या भक्तविजय ग्रंथात (इ.स. 1762) ही कथा वर्णिली आहे.

मडके भाजले की कच्चे, हे कुंभार वरून टिचकी मारून आवाजाने ओळखतो. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून काकांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने थोपटून अशीच परीक्षा घेतली. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले व कच्चे ठरले. त्यानंतरच त्यांनी औंढा येथे विसोबा खेचरांना गुरू केले. आयुष्यभर भांडी पारखणाऱ्या कारागिरालाच हा मान मिळाला, हे विशेष.

काकांचे वीसच्या आसपास अभंग आज उपलब्ध आहेत. शके 1239 (इ.स. 1317) च्या चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी तेर येथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. तेरणेच्या काठी श्री काळेश्वर मंदिरालगत त्यांचे समाधिमंदिर असून दरवर्षी चैत्र वद्य पक्षात येथे मोठी यात्रा भरते.