शहराची पहिली प्रयोगशाळा

केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेचा कारभार ३१ मार्च २०२५ रोजी अधिकृतपणे संपला. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत देशातील शंभर शहरे निवडण्यात आली. त्यांपैकी आठ महाराष्ट्रातील होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराशहरांत स्वतंत्र कंपन्या स्थापन झाल्या, भिंतभर पडद्यांची नियंत्रण केंद्रे उभी राहिली. याच सुमारास नागरी प्रयोगशाळा हा शब्दही जगभर प्रचारात आला. नगरपालिका, विद्यापीठ, उद्योजक आणि रहिवासी यांनी एकत्र बसावे, शहराचा एखादा प्रश्न हाती घ्यावा, एखाद्या पेठेत लहान प्रमाणावर उपाय करून पाहावा आणि तो उतरला तर शहरभर न्यावा, अशी ही कल्पना. बॉस्टनच्या महापौरांनी २०१० साली आपल्या कचेरीतच असा विभाग उघडला. मेक्सिको नगरीत २०१३ साली निघालेली अशीच एक प्रयोगशाळा २०१८ मध्ये सत्तांतराबरोबर बंद पडली. कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे आणि तिचा प्रवर्तक मुंबई विद्यापीठात पाच वर्षे प्राध्यापक होता. नगररचनेच्या जगात सर पॅट्रिक गेडिस यांचे नाव सर्वतोमुखी आहे. ज्या शहरांसाठी ते वणवण हिंडले, तेथे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. बालपण पर्थ येथे टेकड्या आणि बागा यांच्या सहवासात गेले. एडिंबरो विद्यापीठात ते दाखल झाले आणि आठवडाभरातच तेथून बाहेर पडले. पुढे लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. परंतु परीक्षा देऊन पदवी अशी त्यांनी कधी मिळविली नाही. दोन विद्यापीठांनी अध्यासने दिलेल्या या माणसाच्या नावापुढे पदवीची अक्षरे नव्हती, हे पात्रता परीक्षांच्या रांगेत उभ्या असलेल्या आजच्या तरुण प्राध्यापकांना खरेही वाटणार नाही.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे काढावे लागले. खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरविता फिरविता, त्या चौकटींत विचार मांडण्याची एक पद्धत त्यांनी बसविली आणि ती जन्मभर वापरली. डोळे परत आले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याची त्यांची शक्ती गेली. जीवशास्त्राची दृष्टी घेऊन ते समाजाकडे वळले. फ्रेंच अभ्यासक ल प्ले यांनी स्थळ, काम आणि कुटुंब या त्रयीतून समाजाचा अभ्यास मांडला होता. जीव, त्याची क्रिया आणि त्याचा परिसर या जीवशास्त्रीय त्रयीशी गेडिस यांनी तिची सांगड घातली. शहर हा सजीव आहे, तेव्हा त्यावर उपचार करण्यापूर्वी रोगनिदान केले पाहिजे, हे त्यांचे सूत्र येथून निघाले.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर या दांपत्याने केलेली गोष्ट त्यांच्या सर्व ग्रंथांहून बोलकी आहे. एडिंबरोचा जुना भाग तेव्हा दाटीवाटीच्या, अंधाऱ्या, गळक्या चाळींचा होता. ऐपतदार लोक केव्हाच नव्या भागात राहावयास गेले होते. गेडिस पतिपत्नी उलट दिशेने निघाली आणि जेम्स कोर्टमधील एका चाळीत बिऱ्हाड थाटून राहिली. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी जिने धुतले, भिंतींना चुना काढला, खिडक्यांत फुलझाडे लावली. गरिबांच्या वस्तीवर अहवाल लिहिणारे पुष्कळ असतात. त्या वस्तीच्या नळावर पाणी भरून अहवाल लिहिणारे विरळा. पुढे पडक्या इमारती दुरुस्त करून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वयंशासित वसतिगृहे काढली. १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु तेथे शिकविणे फक्त उन्हाळी सत्रापुरते असल्याने उरलेले वर्ष एडिंबरोच्या वाट्याला येई.

१८९२ साली किल्ल्याजवळचा एक मनोरा त्यांच्या ताब्यात आला. त्याच्या माथ्यावर एक जुनी गंमत होती: भिंगे आणि आरसे यांच्या योगाने बाहेरचे चालते-बोलते शहर अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर उमटे. गेडिस यांनी या मनोऱ्याची शाळा केली. पाहुण्याला प्रथम थेट वर नेले जाई. तेथे त्याने आपले शहर एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे आणि मग एकेक मजला उतरत यावयाचे: एडिंबरोचा मजला, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषक देश, युरोप आणि तळमजल्यावर जग. नकाशे, चित्रे आणि प्रतिकृती यांनी हे मजले भरले होते. १८९९ साली एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने या मनोऱ्याचा गौरव जगातील पहिली समाजशास्त्रीय प्रयोगशाळा असा केला. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावयास हवी. वरच्या मजल्यावरचे दृश्य ही या शाळेतील पहिली पायरी होती. आजच्या नियंत्रण केंद्रातील अधिकाऱ्यालाही कॅमेऱ्यांच्या साह्याने सारे शहर एका खोलीत दिसते. परंतु तेथून उतरून गल्लीत जाण्याचा जिना त्या योजनेत कोणी आखलेला नाही.

१९११ साली गेडिस यांनी शहरांविषयीचे मोठे प्रदर्शन लंडनमध्ये भरविले आणि ते गावोगाव नेले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ साली ते हिंदुस्थानकडे निघाले. प्रदर्शनाचे सारे साहित्य निराळ्या जहाजाने येत होते. ते जहाज एम्डन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. आयुष्यभराचा संग्रह समुद्रतळाशी गेला असता दुसरा कोणी परत फिरला असता. मित्रांनी मायदेशी नवे साहित्य गोळा करून धाडले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले. त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस यांनी देशातील पन्नासच्या आसपास शहरे पायी पालथी घालून त्यांवर अहवाल लिहिले. त्यांत मुंबई इलाख्यातील गावे होती, बडोदे होते, लखनौ, लाहोर, बलरामपूर होते.

तो काळ प्लेगचा होता. १८९६ पासून या रोगाने पश्चिम हिंदुस्थानात थैमान घातले होते. त्यावर सरकारी इलाज ठरलेला होता: दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढा आणि आड येतील ती घरे पाडा. १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे बरेचसे काम याच वाटेने गेले. गेडिस यांचा आक्षेप भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. घर पाडल्याने त्यातील कुटुंब नाहीसे होत नाही. ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरते. घरे कमी झाली, माणसे तितकीच राहिली, म्हणजे भाडे चढते आणि दाटी एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसते. त्याऐवजी त्यांनी घरोघर फिरून प्रत्येक वास्तूची स्थिती नकाशावर नोंदविली. अगदी मोडकळीस आलेली तेवढी घरे काढावी, मोकळ्या जागा जोडून चौक करावा, तेथे विहीर साफ करावी, झाड लावावे, असे ते सुचवीत. या पद्धतीला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया असे नाव दिले. सरळ रस्त्याच्या मानाने तिला खर्च फारच थोडा येई. मक्तेदारांना ती आवडली नाही, यात नवल नाही. तळी बुजवून टाकण्यासही त्यांचा विरोध होता. डासांसाठी तळ्यात मासे आणि बदके सोडा, असे ते सांगत. तळ्यांवर वसाहती उठवून दर पावसाळ्यात पाणी उपसणाऱ्या आजच्या शहरांना हा सल्ला स्वस्तात पडला असता.

त्यांचे सर्वांत मोठे काम होळकरांच्या इंदुरात झाले. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने त्यांना शहराची पाहणी करण्यास बोलाविले होते. नकाशा घेऊन गल्लीबोळांत हिंडणारा हा दाढीवाला म्हातारा साहेब प्लेग आणतो, अशी समजूत पसरली आणि लोक त्यांना टाळू लागले. ही समजूत अडाण्यांची म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले होते, आणि त्या जुलमाचा शेवट रँडच्या वधात झाला होता. साहेब आणि घरतपासणी यांचा अर्थ मराठी मुलखात लोकांना ठाऊक होता. काम मात्र तेच करावयाचे होते: घरे साफ करणे, उंदीर हटविणे, केर काढणे.

गेडिस यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी की, १९१७ च्या दिवाळीत त्यांनी नेहमीच्या मिरवणुकीचे रूप पालटले. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे आधी ठरणार नव्हते. ज्या रस्त्यावरील अधिकांत अधिक घरे स्वच्छ आणि दुरुस्त झालेली असतील, तेथून ती जाईल, असे जाहीर झाले. केर वाहून नेण्याची सोय फुकट होती. मग काय विचारता? आळीआळीत चढाओढ लागली, गाड्यांमागून गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत आधी हत्ती-घोड्यांचा शाही थाट होता. त्यामागे रोगांची सोंगे, पडक्या घरांच्या प्रतिकृती, घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर अशी अमंगळाची पलटण. त्यानंतर मंगलाचा भाग: नगराची देवता, होऊ घातलेल्या वास्तूंचे नमुने, बाजारातील कारागीर, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, फुलांनी सजलेले झाडूवाले आपल्या रंगविलेल्या गाड्यांसह मानाने चालणारे. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. ज्या कामासाठी पुण्यात बंदुका लागल्या होत्या, ते काम इंदुरात दिवाळीने केले.

त्यानंतर प्लेग ओसरला, त्याचे श्रेय मिरवणुकीला द्यावे की ऋतुमानाला, हे ठरविणे अवघड आहे. झाडूवाल्यांचा मान एका दिवसाचा होता, ही गोष्टही विसरून चालणार नाही. तरीही येथे एक प्रयोग झाला होता आणि त्यात रहिवासी हे प्रयोगाचे साहित्य नव्हते, ते प्रयोगकर्ते होते. १९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गेडिस यांच्या सर्व अहवालांत तो श्रेष्ठ मानला जातो. तो ज्या काळात लिहिला गेला, त्याच काळात गेडिस यांच्यावर दुहेरी आघात झाला होता. १९१७ च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलास्टर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला, आणि थोड्याच आठवड्यांत ॲना हिंदुस्थानातच तापाने गेल्या. प्रदर्शने, हिशेब, घर आणि नवऱ्याच्या अनंत कल्पना यांचा ताळमेळ तीस वर्षे त्या बाईंनी राखला होता.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरशास्त्र यांचे अध्यासन निर्माण करून त्यांना पाचारण केले. देशातील समाजशास्त्राचा हा पहिला विद्यापीठीय विभाग. गेडिस यांचे बोलणे दाढीत विरून जाई, विषयांतराला अंत नसे, आणि मधूनच ते जेरुसलेमच्या आराखड्यासाठी पॅलेस्टाइनला जात. वर्गातील अध्यापक म्हणून ते यशस्वी झाले असे म्हणवत नाही. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांच्या शिफारशीवरून उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२४ मध्ये प्रकृतीमुळे गेडिस यांनी मुंबई सोडली तेव्हा घुर्येच विभागप्रमुख झाले. घुर्ये यांनी जाती, जमाती आणि संस्कृती यांच्या अभ्यासाने विभागाला देशभर कीर्ती मिळवून दिली. पण नागरशास्त्र मागे पडले. शहरात हिंडून, मोजून, दुरुस्त करून शिकण्याचा तो विषय आपल्याकडे शाळेतील इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेला बांधलेले शेपूट होऊन राहिला.

दोष परिस्थितीचा होता तसा गेडिस यांचाही होता. त्यांच्या पाहणीत नजर होती, आकडे थोडे होते. पुढच्या माणसाला तपासून पाहता येईल अशी आधारसामग्री त्यांनी क्वचितच मागे ठेवली. त्याहून मोठी उणीव अशी की, लोकांचा सहभाग मागणाऱ्या या माणसाला आश्रय गव्हर्नरांचा आणि संस्थानिकांचा होता. आश्रयदात्याचे मन उडाले की अहवाल दप्तरात जाई. निवडून आलेली, कर बसविणारी, जाब देणारी नगरपालिका त्यांच्या प्रयोगाला क्वचितच लाभली. आपल्या काळात ही सबबही उरलेली नाही, तरी पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत. स्मार्ट सिटीची कामे, कंपन्या आणि पडदे त्या अवधीत चालूच होते. रस्ता कोणत्या आळीतून जावा हे विचारण्यासाठी नगरसेवक तेवढे नव्हते.

उतारवयात गेडिस यांनी तेल अवीवचा आराखडा आखला आणि दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी एक महाविद्यालय काढले. पूर्वी नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ च्या आरंभी स्वीकारली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. एडिंबरोचा मनोरा अजून उभा आहे. वरच्या खोलीतील पांढऱ्या मेजावर आजही रस्ते, गाड्या आणि माणसे हलताना दिसतात, आणि तिकीट काढून आलेले प्रवासी ती कौतुकाने पाहतात. खालच्या मजल्यांवरील नकाशे आणि प्रतिकृती मात्र केव्हाच गेल्या. तेथे आता दृष्टिभ्रमाच्या गमती मांडलेल्या आहेत.