विनोबा भावे : पेणच्या गागोद्यातून निघालेला जमिनीचा विचार

पेण तालुक्यातील गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. घरचा फणस फोडला की गरे आधी शेजाऱ्यांकडे पोचवायचे, मग आपण खायचे, ही त्यांच्या आईची शिस्त. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुढे बडोद्याला गेले. 1916 मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले, 1921 मध्ये वर्ध्याला आले आणि 1938 पासून पवनारला धाम नदीकाठी राहिले.

पवनारचा प्रयोग
विनोबांनी शेतीचे तीन प्रकार मानले: माणसाच्या हाताची ऋषिशेती, बैलाची ऋषभशेती आणि यंत्राची इंजिनशेती. 1950 च्या सुमारास पवनारला त्यांनी ऋषिशेती करून पाहिली. आश्रमवासीयांनी स्वतः विहीर खणली आणि कुदळ-फावड्याने भाजीपाला व धान्य पिकवले. पैशावर विसंबायचे नाही, ही त्यामागची अट होती.

भूदान आणि त्याची मर्यादा
18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली. गावच्या रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. तेथून 13 वर्षे विनोबा पायी फिरले. प्रत्येक जमीनमालकाकडे ते सहावा हिस्सा मागत. 40 लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. पण त्यातील बरीच जमीन खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली, वाटपही रखडले. जिथे वाटप झाले तिथेही बी, बैल व पाणी नसलेल्या कुटुंबाला नुसत्या सातबाऱ्याचा उपयोग मर्यादितच होता.

पुढच्या ग्रामदानात मालकी गावाकडे आणि कसणे कुटुंबाकडे, अशी रचना आली. सुलभ ग्रामदानात जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी ठेवला गेला. महाराष्ट्रात त्यासाठी 1964 चा कायदा आहे. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला विनोबांचे निधन झाले.

आपल्यासाठी बोध
- पेण-रोह्यात भातखाचर, वरकस माळ आणि खारजमीन शेजारी-शेजारी असतात. योजना ठरवण्याआधी प्रत्येक तुकड्याची माती व पाणी तपासा.
- भातानंतर ओल टिकणाऱ्या खाचरात वाल घ्या. उताराच्या वरकस जमिनीवर बांधबंदिस्ती आधी, लागवड नंतर.
- खारजमिनीचा बांध एकट्याने टिकत नाही. त्याची दुरुस्ती सर्व खातेदारांनी मिळून पावसाआधी करावी.
- कृषी सहायकांनी जमीन, पाणी, मजूर आणि हक्काची कागदपत्रे यांचा विचार एकत्र करावा. भूदानात नेमके हेच बऱ्याच ठिकाणी राहून गेले.