घाण उपसणाऱ्यांचे मजूरमंत्री

बाबासाहेब म्हटले की चवदार तळे, संविधान आणि धम्मदीक्षा डोळ्यांपुढे येते. ते आलेच पाहिजे. परंतु मेलेली ढोरे ओढणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, गटारे उपसणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न त्यांनी कसा हाताती घेतला, याची चर्चा आपल्याही व्यासपीठांवर फारशी होत नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेले भीमराव साताऱ्यात आणि मुंबईत शिकले. 1912 पासून कुटुंब परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळीत राहिले. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या या चाळी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला हा बॅरिस्टर 1934 पर्यंत तेथेच, कामगारांच्या शेजारी राहिला. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि तेवढ्याने सवर्ण कामगार बाटत असे! कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांपुढे बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न ठेवला.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तेथे 19 आणि 20 मार्च 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मृत मांस खाणे आणि मेलेली जनावरे ओढणे सोडण्याचे आवाहन केले. याकडे आपण केवळ स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पाहतो. तो आरोग्याचाही प्रश्न होता. काळपुळीने मेलेले जनावर उघड्या हातांनी ओढणे आणि सोलणे म्हणजे मरण घरी आणणे होय. पण महारकी वतनात काम नाकारण्याची सोयच नव्हती. नकार दिला की गावाचा बहिष्कार ठरलेला. म्हणून 1928 मध्ये त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल आणले. सनातनी आणि सरकार दोघांनीही ते पुढे जाऊ दिले नाही, शेवटी 1929 मध्ये ते मागे घ्यावे लागले. भोर तर पंत सचिवांचे संस्थान. कौन्सिलात बिल मंजूर झाले असते तरी भोर संस्थानातील महाराला ते थेट लागू झाले नसते. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले आणि महारकी वतन कायद्याने जायला 1958 उजाडले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

गाव सोडून शहरात आलेल्याच्या हातातही झाडूच आला. म्हणून बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला आणि 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 7 नोव्हेंबर 1938 रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. सफाईचे काम ही थोर सेवा असल्याचा गांधीजींचा उपदेश त्यांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात खोडून काढला. ज्याला दुसरे काम करूच दिले जात नाही, त्याला त्याच कामाचे मोठेपण सांगणे ही थट्टा आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. पुढच्याच महिन्यात कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी आला, 1946 मध्ये अभ्रक खाणींचा. युद्धाच्या निकडीत स्त्रियांना पुन्हा खाणीत उतरवण्याचा निर्णयही त्यांच्याच काळातला. तो दडवण्याचे कारण नाही. कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी करणारा अडारकर अहवाल 1944 चा. त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा झाला. पण तो कारखान्यातील कामगारांसाठी होता, रस्त्यावरचा झाडूवाला त्या भिंतीबाहेरच राहिला.

तो अजून कितीसा आत आला? 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. गटारात मेलेल्याच्या वारसांना 10 लाख रुपये द्या, असे सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितले आणि 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. मरणाची किंमत वाढली, मरण थांबले नाही. पुण्यात कचरावेचक बायांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभारली. महापालिकेची ओळखपत्रे आणि पुढे वैद्यकीय विमा त्यांनी भांडून मिळवला. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी घेऊन त्या दारोदार गेल्या.

हे झाले पुण्याचे. भोर नगरपालिकेच्या आणि राजगड म्हणजे जुन्या वेल्हे तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या झाडूवाल्यांचे काय? गडावर पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. रोज ओला कचरा, फुटक्या काचा आणि सुया हाताने वेगळ्या करणाऱ्याचा फोटो कोण काढतो? घनकचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला गणवेश, हातमोजे, रेनकोट, पादत्राणे आणि मास्क द्यावेत, असे 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. हातमोजे किती घेतले, गमबूट कोणाला मिळाले, धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली, ठेकेदार भविष्य निर्वाह निधी भरतो की नाही, एवढे विचारावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आले नाही तर अपील करावे.