डॉ. द्वारकानाथ कोटणीस : सोलापूरचे डॉक्टर, चीनचे 'के दिहुआ'

दोन देशांची मैत्री म्हटलं की मुलांना नेत्यांचे हस्तांदोलन करतानाचे फोटोच आठवतात. म्हणून मी वर्गात कोटणीसांची गोष्ट सांगते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईत ते डॉक्टर झाले. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. भारत तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता, हे मुलांना मुद्दाम सांगावं. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली होती.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परत जायची मुभा होती, पण ते गेले नाहीत. (इथे वर्ग एकदम गप्प होतो. "आईला कसं वाटलं असेल?" असं एका मुलीने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.)

पुढे पथकातले काही जण परतले, कोटणीस मात्र राहिले. चिनी भाषा शिकले, आघाडीवर सलग शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

बाळ जेमतेम काही महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघं ३२. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे.