घरगल्लीपर्यंत पोहोचलेला साहेब

क्रॉफर्ड मार्केट हे नाव मुंबईकरांच्या तोंडून अद्याप गेलेले नाही. मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव दिले गेले त्यास अनेक वर्षे लोटली, तरी टॅक्सीवाल्याला जुनेच नाव सांगितले जाते. मात्र आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्डचे मुंबईवरील खरे ऋण त्या दगडी मंडईत नसून घरांमागच्या अंधाऱ्या बोळांत आहे.

१८३५ मध्ये जन्मलेला क्रॉफर्ड कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या नोकरीत आला. १८६५ मध्ये नव्या कायद्यानुसार म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले, तेव्हा ते तिशीतल्या या अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा शहरात आला होता. यादवी संपताच, त्याच वर्षी, शेअरबाजार कोसळला. माणसे त्याआधीच खूप वाढली होती. १८६४ च्या शिरगणतीत ती ८ लाख १६ हजारांवर गेली होती.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. ते आणण्याची सोय झाली, वाहून नेण्याची झाली नाही. घराघरांतील मोऱ्यांचे पाणी दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या घरगल्लीत पडे. त्याच गल्लीत प्रत्येक मजल्याच्या शौचकुपाखाली टोपल्या ठेवलेल्या असत. टोपलीत न मावलेले सारे जमिनीत मुरे किंवा रस्त्याच्या गटारात उतरे. मुख्य गटार वरळीकडे जाई, पण मधला सखल प्रदेश भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी दरवाजे बंद होत आणि घाण शहरातच तुंबून राही. डॉ. लीथ यांनी १८६४ च्या अहवालात शहराची आरोग्यस्थिती मांडली होतीच.

क्रॉफर्डने आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांना हाताशी धरून सफाईची मोहीम उघडली. भुयारी गटारांची मोठी योजना होईपर्यंत तो थांबला नाही. मैला उचलण्याचे काम तोवर घरमालक आणि हलालखोर यांच्यातील खाजगी व्यवहार होता. तो नगरपालिकेने हाती घेतला व त्यासाठी कर बसवला. कत्तलखाना वांद्र्याला हलवला. घरामागची घाण हा घरमालकाचा खाजगी प्रश्न नाही, ही कल्पना त्या काळी अनेकांना जुलमाची वाटली. शहर अधिक स्वच्छ दिसू लागले. त्याची किंमत रात्री डोक्यावर टोपली वाहणाऱ्या हलालखोरांनीही मोजली, याची नोंद मात्र फारशी झाली नाही.

क्रॉफर्डला पैशाचा धरबंद नव्हता. मंडई १८६९ मध्ये उभी राहिली, रस्ते झाले, आणि तिजोरी रिकामी झाली. नवरोजी फर्दुनजी आदींच्या पुढाकाराने करदाते खवळले. १८७१ मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले. एकाच जबाबदार कमिशनरची पद्धत योग्य आहे, असे सांगणाऱ्या तरुण फिरोजशहा मेहता यांचे म्हणणे तेव्हा श्रोत्यांना रुचले नाही. पुढे १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने तीच पद्धत कायम ठेवली.

योगायोग असा, की त्याच १८८८ मध्ये क्रॉफर्ड बडतर्फीच्या उंबरठ्यावर उभा होता. मध्य विभागाचा कमिशनर असताना मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून त्याला सोडले, परंतु हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. माफीच्या वचनावर साक्ष देणाऱ्या काही मामलेदारांचीही गेली. टिळकांनी या मामलेदारांची बाजू लढवली. हाताशी आलेला पैसा मोजायचा नाही, हा स्वभाव मुंबईत शहराला उपयोगी पडला होता. पुण्यात तो त्याच्या मुळावर आला.

रोग दुर्गंधीयुक्त हवेतून होतात, अशी त्या काळच्या अनेक डॉक्टरांची समजूत होती. समजूत चुकीची, उपाय मात्र कॉलऱ्यावर योग्य. १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हा नगरपालिकेने पुन्हा गटारेच धुतली, त्यांत कार्बोलिक ओतले. यावेळी रोग उंदरांवरच्या पिसवांत होता आणि तो गटारे धुऊन हटणारा नव्हता.

क्रॉफर्ड १९११ मध्ये वारला. दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींमागे घरगल्ल्या अद्याप आहेत, आणि त्या साफ करायला माणसे आजही आत उतरतात.